आप्पांचं तिसरं डबडं आणि माझा मोर्चा

आमचे आप्पा घरं गोळा करतात. अट एकच. घराला चाकं हवीत.

जीपमागे जोडून ओढायच्या जुन्या कॅरॅव्हॅन, म्हणजे आत पलंग, ओटा आणि खिडकीला पडदा असलेल्या पत्र्याच्या खोल्या, हा निवृत्त फिटर चाकणच्या भंगारवाल्यांमार्फत हुडकून आणतो आणि ठोकून, घासून, रंगवून नव्या करतो. पहिली एका पोल्ट्रीत सापडली (आत कोंबड्या सहकुटुंब राहत होत्या). दुसरीत एका बंद कारखान्याचा वॉचमन राहत होता, आणि तो कोंबड्यांपेक्षा चिवट निघाला! दोन्ही आमच्या कासारवाडीच्या गल्लीत उभ्या राहिल्यावर आईनं जाहीर केलं, "तिसरं डबडं आणलं, तर तिन्ही भंगारात घालीन. सांगून ठिवते!"

आप्पांनी तिसरं आणलं. चऱ्होलीत एका मित्राच्या उताराच्या वावरात लपवून दुरुस्तही केलं. (घरी सांगायचे, "भजनाला जातो." भजनाहून माणूस ग्रीसचे हात घेऊन परततो, हे मला दिसलं नाही. मी समाजावर लक्ष ठेवण्यात गुंतले होते!) बेत असा, की गाडी चकाचक झाली की आईला नेऊन दाखवायची. आवडली तर तिन्ही वाचली, नाही तर तिन्ही गेली.

इकडे मी चऱ्होलीतल्या बेकायदा प्लॉटिंगविरुद्ध रान उठवत होते. पत्रकं मीच लिहायचे, मीच वाटायचे आणि बऱ्याचदा मीच वाचायचे. एका रविवारी आमचा कार्यकर्ता संतोष धापा टाकत आला.

"ताई, शेतात नवं बुकिंग ऑफिस! पताका, पडदे, झेंडूचं तोरण! लोक आत शिरून फ्लॅट बघतायत!"

चऱ्होलीत शेतात तोरण दिसलं की ते बुकिंग ऑफिसच; दुसरी शक्यता बिल्डरांनी तिथे शिल्लकच ठेवलेली नाही! पूजा करून तोरण बांधल्याशिवाय आप्पा कुठलीही गाडी रस्त्यावर काढत नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत. पण पेटलेल्या माणसाला लहानपण आठवत नाही.

मोर्चा निघाला. पत्रकात आम्ही 'संतप्त जनसमुदाय' होतो. प्रत्यक्षात एका रिक्षात मावलो.

दाराशी एक गृहस्थ उभे होते. "बायको आत किचन बघतीये," ते म्हणाले. "छोटंय, पण हवा मस्त खेळते राव. पझेशन कधी देताय?"

"अहो, तुमची फसवणूक चाललीये! मालक कुठाय?"

"नारळ आणायला गेलेत."

नारळ! म्हणजे उद्घाटन! हे खपवून घेणं शक्य नव्हतं. भाषणाला उंची हवी (माझी स्वतःची पुरत नाही). चाकाशी एक छान चौकोनी दगड होता. संतोषनं आणि मी तो ओढून बाजूला घेतला, मी त्यावर चढले आणि गरजले, "हे बांधकाम इथून हलल्याशिवाय आम्ही हलणार नाही!"

बांधकाम हललं.

"ताई, काय पॉवर आहे तुमची!" संतोष म्हणाला.

खोली पडदे फडकवत उताराला लागली. गृहस्थ किंचाळले, "अहो, बायको आहे आत!" तेवढ्यात बांधावरून, नारळ छातीशी धरून, एक माणूस धावत आला. आप्पा!

"आप्पा, तुम्ही बिल्डरकडं कामाला लागलात?"

"कसला बिल्डर, बये! आपली गाडी हाय ती! आन् तुझी आई आत बसलीया!"

त्यानंतर उतारावरून जो मोर्चा धावला, तसा शिस्तीचा मोर्चा मला पुन्हा काढता आलेला नाही. पुढे आई, तिच्यामागे आप्पा, मग गृहस्थ, मग मी आणि शेवटी "गाडी थांबलीच पाहिजे!" अशी घोषणा देत संतोष.

नुकतंच पाणी दिलेल्या मेथीच्या वाफ्यात गाडी शिरली, चिखलात रुतली आणि थांबली. आतून आवाज नाही. आप्पांनी रुतलेल्या चाकांकडे पाहिलं. "गेली," ते पुटपुटले. "तिन्ही गेली!" (आईला काही होईल, ही शंका त्यांना शिवलीच नव्हती. तेही तिला ओळखून होते.)

दार उघडलं. आधी गृहस्थांची बायको उतरली. "चला," ती नवऱ्याला म्हणाली, "आपण एका जागी राहणारा फ्लॅट बघू."

मग आई पायरीवर आली. पदर सावरला.

"एवढंच? मला वाटलं, आळंदीपातूर तरी जातंय!"

"लागलं न्हाई ना गं?"

"लागायचं काय त्यात? जन्मभर शिफ्ट न् ओव्हरटाइम सांगून तुमी मला कुठं न्हेलं न्हाई. आज पलंगावर बसून झाडं पळताना बघितली. हिला भंगारात घालायचं नाव कुणी काढलं, तर गाठ माझ्याशी हाय!"

"आगं, पण ते नाव तूच..." आप्पांनी वाक्य गिळलं. (लग्नं टिकतात ती अशी.) "आन् बाकीच्या दोन?"

"ऱ्हाऊ द्या. तुमची बहीण आली की तिला एकीत झोपवू."

पुढच्याच आठवड्यात दोघं कोकणात निघाली. गाडीतल्या फळ्यांवर डबे मांडायच्या आधी आईनं माझ्याकडचा पत्रकांचा गठ्ठा मागून घेतला आणि एकेक पत्रक फळीवर नीट अंथरलं.

"कागद लई झ्याक वापरतीस," ती म्हणाली. "आनखी छाप."

माझ्या पत्रकांना जनतेतून अशी मागणी पहिल्यांदाच आली होती!