वहीतला मोकळा रकाना

विद्या गेल्याचं कळलं तेव्हा मी लॅबमध्ये रक्ताचे नमुने मशीनला लावत होते. रविवारची सकाळ, म्हणजे आमच्या कुवेतमध्ये कामाच्या आठवड्याचा पहिला दिवस. शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत अंगावर काढलेली सगळी दुखणी त्या सकाळी एकदम हॉस्पिटलात येतात. एप्रनच्या खिशात फोन थरथरला. प्रकाशरावांचा होता, विद्याच्या नवऱ्याचा. इंग्लंडमध्ये तेव्हा अजून उजाडलंही नसणार... आणि अशा वेळी चांगली बातमी द्यायला कोणी फोन करत नाही. "सुनंदाताई, विद्या गेली. काल दुपारी. हार्टचं झालं," एवढंच ते म्हणाले. मी "हो का" म्हणाले. जिवाभावाची मैत्रीण गेल्याच्या बातमीवर 'हो का' म्हणणारी बाई आहे मी. मग राहिलेले नमुने लावले, संध्याकाळी अबू हलीफाला घरी आले आणि गॅलरीतल्या घडीच्या टेबलासमोर पर्स खांद्याला तशीच ठेवून कितीतरी वेळ उभी राहिले. विद्याबद्दल सांगायचं तर त्या टेबलापासूनच सांगायला हवं.

आम्ही दोघी सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वी थोड्याफार अंतराने इथे आलो. ती औशाजवळच्या खेड्यातली, मी रत्नागिरीची. एकाच हॉस्पिटलात ती स्टाफ नर्स, मी लॅब टेक्निशियन, आणि लग्नं होईपर्यंत एकाच फ्लॅटमध्ये राहायचो. तिला माझा फटकळपणा सोसत नसे आणि मला तिचं रात्रंदिवस शेंगदाण्याचं कूट, पण जमलं. आमच्या इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, मिसरी होता, इजिप्तचा. त्याच्याकडून विद्या येता-जाता अरबी लिहायला-वाचायला शिकली. मी म्हणायचे, याचा तुला काय उपयोग? उपयोग तिला नाही, इतरांना झाला. तिसऱ्या मजल्यावरचा ड्रायव्हर एकदा सरकारी कागद घेऊन आला, तिने तो वाचून दिला. पुढच्या शुक्रवारी तो आणखी दोघांना घेऊन आला. कोणाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, अडकलेला, कोणाच्या बताक्यावर, म्हणजे ओळखपत्रावर, नाव चुकलेलं, कोणाला मालकाला पत्र लिहून हवं असलेलं. शेवटी तिने एक घडीचं टेबल आणलं आणि दर शुक्रवारी सकाळी इमारतीच्या जिन्याखाली मांडायला सुरुवात केली. हारिस कुरकुरला, मग स्वतःचाच एक अर्ज घेऊन रांगेत बसला.

टेबलावर एक शाळकरी वही असे. तिने पट्टीने रकाने आखलेले होते: नाव, काय काम, काय केलं, आणि सगळ्यात शेवटी 'सांगितलं'. हा शेवटचा रकाना तिचा जीव की प्राण होता. नांदेडकडचा एक स्वयंपाकी होता, त्याला मालक दुसरीकडे कामाला जाऊ देत नव्हता. विद्याने ड्युटी सांभाळून तीन आठवडे कचेऱ्यांतून चौकशी केली आणि उत्तर 'नाही' असं आलं. मी म्हटलं, कळेल त्याला आपोआप. तर ही जूनच्या उन्हात तो राहत होता तिथवर चालत गेली आणि त्याला तोंडावर नाही सांगून आली. चेहरा भाजून लाल. मी चिडले तेव्हा म्हणाली, "नाही असंल तर नाही सांगायचं की. पण सांगायचं. माणूस वाट बघत बसतंय बग, ते लई वाईट." तिच्या वडिलांनी तरुणपणी शाळेच्या नोकरीसाठी अर्ज केला होता आणि पुढे कित्येक वर्षं पोस्टमन दिसला की ते उठून उभे राहत, हे मला तेव्हा कळलं. त्या अर्जाचं उत्तर कधी आलं नव्हतं.

विद्याची मुलगी मुक्ता वर्षाची झाली आणि विद्याला इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका शहरात नर्सची नोकरी मिळाली. जाताना ती माझा लाकडी कलथा घेऊन गेली आणि टेबल मला देऊन गेली. माझ्या मते हा व्यवहार फारच तोट्याचा होता आणि तसं मी तिला विमानतळावर ऐकवलंही. ती गेल्यावर लोक दोन-तीन शुक्रवार जिन्याखाली येऊन उभे राहिले. मला अरबी येत नव्हतं आणि खरं सांगायचं तर सुट्टीची झोप मोडायची माझी तयारीही नव्हती. टेबल गॅलरीत गेलं, त्यावर कढीपत्ता आणि पुदिन्याच्या कुंड्या आल्या.

तिकडे तिच्या गल्लीतला कचरा आठवडा-आठवडा उचलला जात नव्हता, म्हणून ती नगरसेवकाला भेटायला गेली. एकदा, दोनदा, चारदा. शेवटी तो थकलेला म्हातारा म्हणाला, बाई, पुढच्या वेळी तुम्हीच उभ्या राहा. तिने तेवढं मनावर घेतलं. हातात आपला भारतीय पासपोर्ट, पण तिकडे राष्ट्रकुलातून येऊन रीतसर राहणाऱ्या माणसाला शहराच्या निवडणुकीत मत देता येतं, उभंही राहता येतं. तिने हे फोनवर सांगितलं तेव्हा मी हसले. "अगो, तुझ्या औशात कधी निवडणूक लढवलीस का, ती तिथल्या गोऱ्यांची गटारं बघायला निघालीस?" पहिल्या वेळी पडली. दुसऱ्या वेळी सगळा वॉर्ड दोनदा पायी फिरली. तिकडे दारातल्या फटीतून पत्रकं आत सरकवावी लागतात आणि आत कुत्रा असला तर बोटं जातात, म्हणून जुनी मंडळी लाकडी चमचा वापरतात. विद्याने माझा कलथा वापरला. कोटाच्या खिशातून डोकावणाऱ्या कलथ्यासकट तिचा फोटो आला आणि त्याखाली एकच शब्द होता, 'आले'. त्या दिवशी मी लॅबभर पेढे वाटले. पेढे संपले म्हणून उरलेल्यांना खजूर दिले.

मला एवढा आनंद का झाला, याचा विचार मी आत्ता आत्ता केला. निम्मं आयुष्य कुवेतमध्ये काढलं. इथे मला मत नाही, ते ओघानेच आलं. तिकडे गावी मतदानाच्या दिवशी मी कधीच नसते. वय पन्नाशीला आलं आणि बोटाला शाई फक्त एकदा लागली आहे. माझी सगळी न दिलेली मतं मी मनातल्या मनात विद्याला देऊन टाकली होती. गणपतीत चार मराठी कुटुंबं जमली की मी 'आमची विद्या' सुरू करायचे, आणि आमचे हे डोळ्यांनी खुणावायचे, आता पुरे. दर शनिवारी ती वॉर्डातल्या वाचनालयात टेबल मांडून बसायची. तिथल्या सगळ्याच नगरसेवकांना असं बसावं लागतं म्हणे, पण मला ते आमच्याच जिन्याखालचं टेबल वाटायचं. वहीसुद्धा तशीच ठेवली होती, मराठीत. बाकी कोणाला वाचता येत नाही, तेवढीच लोकांची झाकली मूठ, असं ती म्हणायची. पुढे शहराच्या कारभारी मंडळात गेली, आधी घरांचं खातं सांभाळलं. ओल धरलेल्या भिंतींचे फोटो मला पाठवून म्हणायची, ही बघ तुझी कोकणातली घरं. नंतर म्हाताऱ्या माणसांच्या सोयीसुविधांचं खातं तिच्याकडे आलं, आणि तिथे गाडी अडली.

शहराकडे पैसा उरला नव्हता. काय काय बंद करायचं याची यादी झाली, आणि त्या यादीत तिच्याच वॉर्डातलं म्हाताऱ्यांचं जेवणघर होतं. एकटी राहणारी माणसं दुपारी तिथे येत, गरम जेवत, पत्ते खेळत. विद्याने बंद करण्याच्या बाजूने हात वर केला. कोणीतरी दारात रडणाऱ्या एका आजींचा व्हिडिओ टाकला, खाली विद्याचं नाव होतं, आणि तो फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. मी लगेच फोन लावला. ती समजावू पाहत होती, दोनच पर्याय होते, दुसरा याहून वाईट होता, असं काहीतरी. मी ऐकून घेतलं नाही. म्हटलं, "जिन्याखालच्या टेबलावर बसणारी विद्या असती तर तिने हे केलं असतं का?" ती म्हणाली, "मी सांगते तुला. आत्ता नाही, पण सांगते." मी फोन ठेवून दिला. मे महिन्यात ती निवडणूक हरली. 'पडले', असा मेसेज आला. मी 'वाईट वाटलं' असं लिहिलं. पूर्वीची मी असते तर आधी एक शिवी लिहिली असती आणि मग तासभर बोलले असते.

उन्हाळा गेला, दसरा गेला. आमच्यात फक्त सणांच्या तयार शुभेच्छा जात-येत होत्या. मग एका बुधवारी तिने विचारलं, 'शुक्रवारी दुपारी बाराला फोन करू का? टेबलाचं बोलायचं आहे.' मी वाचलं आणि उत्तर दिलं नाही. त्या शुक्रवारी मी एगैलाच्या मॉलमध्ये जावेच्या मुलीसाठी सँडल बघत होते. बाराला फोन वाजला. नाव दिसलं. मी पर्समध्ये टाकला. पुढच्या शुक्रवारी पुन्हा बाराला वाजला, तेव्हा तर मी घरीच होते, पालक निवडत होते. कामात होते असं म्हणायला जागाच नाही. थोडी वाट बघू दे तिला, असं माझ्या मनात आलं होतं. नेमके हेच शब्द. दुसऱ्या दिवशी ती गेली.

महिन्याभराने मुक्ताचा व्हिडिओ कॉल आला. बावीस वर्षांची पोर, आईसारखंच कपाळ. तिला मराठी समजतं, वाचता येत नाही. विद्याच्या कपाटात वह्या सापडल्या होत्या. "मावशी, आय वाँट टू नो व्हॉट शी रोट. विल यू रीड?" ती पान कॅमेऱ्यासमोर धरायची, मी वाचायचे. लोकांचे पत्ते ती बोटाने झाकत होती, आईचीच शिस्त. शेवटच्या वहीत एका ठिकाणी ओळीने सदतीस नावं आली. काम: जेवणघर. काय केलं: बंद. आणि प्रत्येकापुढे 'सांगितलं'. सदतीस वेळा. मुक्ता म्हणाली, "शी वेंट टू एव्हरी हाउस. आफ्टर हर शिफ्ट. काही लोकांनी डोअर क्लोज केलं. एका आजीने चहा दिला, आणि मग नंतर अगेन्स्ट व्होट केलं, असं आईला स्वतःच सांगितलं." विद्या घरी येऊन यावर हसली होती म्हणे. हे मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. तिने केलं ते बरोबर होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण ती टेबलावरून उठली होती, असं जे मी धरून चालले होते, ते खोटं होतं.

मग मुक्ताने शेवटचं लिहिलेलं पान धरलं. त्यावर एकच नोंद होती. नाव: सुनंदा, अबू हलीफा. काम: टेबलावर असते तर केलं असतं का, असं विचारते. काय केलं: फोन, दोनदा. शेवटचा रकाना मोकळा. माझ्या रागाची तिने तक्रार म्हणून रीतसर नोंद केली होती. मी तिच्या रांगेत उभी होते आणि मला पत्ताही नव्हता. "मावशी? व्हॉट डज इट से?" मुक्ता विचारत होती. खरं सांगते, एक क्षण मनात आलं, भाजीची यादी आहे म्हणावं. पोरीला वाचता येत नाही, कोणाला कळणार होतं? पण समोर ते कपाळ होतं, आणि तो रकाना होता. मी सांगितलं. तुझ्या आईला मी फार लागेल असं विचारलं होतं. तिला मला उत्तर द्यायचं होतं. तिने दोनदा फोन केला आणि मी मुद्दाम घेतला नाही. मुक्ताने पान स्वतःकडे वळवून पाहिलं. मग तिने विचारलं, "व्हॉट वॉज शी गोइंग टू से?" मला माहीत नाही, मी म्हटलं, आणि आता कधी कळणारही नाही. तिने मान हलवली, वही मिटली आणि "थँक यू फॉर टेलिंग मी" म्हणाली. ती रागावली की नाही, मला कळलं नाही. रागावली असेल तर तिचा हक्कच आहे.

आता इथे हवा छान झाली आहे, गॅलरीत बसता येतं. त्या टेबलावरच्या कुंड्या मी खाली ठेवल्या, कुंड्यांचे गोल डाग घासून पाहिले, ते जात नाहीत. शुक्रवारी बाराच्या सुमाराला मी तिथेच बसते, भाजी निवडते. त्या वेळी फोन वाजला की हातातलं टाकून उचलते, कोणाचाही असो. गेल्या शुक्रवारी कोणी मुलगी होती, क्रेडिट कार्ड हवंय का विचारत होती. मी तिचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं आणि मग नको म्हणून सांगितलं.