घोंगडीनं पुसलेली सीडी

"थांबा. हात लावू नका, वाचतंय ते."

हे वाक्य ताईंच्या तोंडून मी किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. भोरच्या बाजारपेठेत माझं चपलांचं दुकान आणि शेजारी त्यांचा फोटो स्टुडिओ. नवरा गेल्यावर त्यांनी कॅमेरा स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि आंबवड्यापासून वेल्ह्यापर्यंतची लग्नं शूट केली. संगणकात सीडी घातली, की त्या पडद्याकडे बघायच्याच नाहीत. संगणकाच्या डब्यावर तळवा टेकून डोळे मिटून घ्यायच्या.

"ताप किती आहे ताई?" मी चिडवायचो.

"गिऱ्हाईक न्हाई वाटतं तुमाला आज," त्या डोळे न उघडता म्हणायच्या.

कामात बुडालेली आणि म्हणून सतत चिडलेली अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला ताई सरळ बाहेर उभं करायच्या.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी वेल्ह्याकडच्या वरच्या वाडीतले एक धनगर बाबा लेकीला घेऊन आले. हातात लेकीच्या लग्नाची सीडी. बाबांची बायको वारून बरीच वर्षं झाली होती आणि तिचा आवाज आता त्या सीडीतच काय तो उरला होता. मांडवाच्या दारातून ती नवऱ्याला हाक मारते, एवढाच. आणि नेमकं तिथंच चित्र अडकत होतं.

"हिचं तोंड उघडतं आन् तसंच ऱ्हातं," बाबा म्हणाले. "टीव्ही बदलला, प्लेअर बदलला. तोंड उघडंच."

ताईंनी आधी स्वतःची एक सीडी लावून पाहिली. ती सरळ चालली. मग बाबांची लावली. चित्र अडखळलं, थांबलं, पुन्हा अडखळलं. त्यांनी ती झटकन बाहेर काढली आणि उजेडात धरली.

"पुसता कशानं?"

"घोंगडीनं," लेक म्हणाली. "दसऱ्याला पूजा करतो न्हवं हिची. हळदकुंकू लावतो, मग घोंगडीच्या टोकानं पुसतो. आमच्यात घोंगडीपरीस पवित्र काय हाय?"

मला हसू फुटणार होतं, ते ताईंचा चेहरा बघून गिळलं. ते लग्न त्यांनीच शूट केलं होतं. मूळ टेप मात्र पुढच्या लग्नाला पुन्हा वापरली होती. तेव्हा सगळेच वापरायचे.

"चरे पडल्यात," त्या म्हणाल्या. "ड्राइव्ह तीच जागा पुन्ना पुन्ना वाचतंय, त्याला उशीर व्हतोय. चित्र बिचारं वाट बघत बसतंय. आता लावायची न्हाई. आधी सगळी संगणकात उतरवून घ्यायची, दमानं."

"एकदा लावा की ताई. आवाज तरी..."

"न्हाई बाबा. फिरवून फिरवून हाय ती बी जाईल."

त्यांनी जुना, संथ ड्राइव्ह जोडला आणि सीडी उतरवायला घेतली. निम्म्यात वीज गेली. यूपीएस ओरडायला लागला. त्याची बॅटरी जुनी, फार वेळ टिकणारी नव्हती आणि आता थांबलं तर सीडी पुन्हा वाचली जाईल याची खात्री नव्हती. ताईंनी पडद्याची पिन उपसली.

"तेवढीच बॅटरी वाचंल."

मग आम्ही चौघं काळ्या पडद्यासमोर बसून राहिलो. किती उतरलं, काही कळेना. डब्यातून नुसती घरघर, मध्येच टक् असा आवाज, पुन्हा घरघर. प्रत्येक टक्‌ला बाबा ताईंच्या तोंडाकडे बघायचे. माझं काही जाणार नव्हतं, तरी मला घाम फुटला. मग घरघर थांबलीच. लेकीनं पदर तोंडात धरला. बाबा उठले.

"थांबा," ताई म्हणाल्या. तळवा डब्यावरच. "वाचतंय ते."

खरंच घरघर पुन्हा सुरू झाली. बऱ्याच वेळानं ट्रे आपणहून बाहेर आला आणि ताईंनी डोळे उघडले.

"उतरलं."

वीज आल्यावर त्यांनी ते लावलं. मांडवाचं दार दिसलं. चित्राचे चौकोन चौकोन उडाले, पण थांबलं नाही.

"आवं, जेवाया चला की!"

"आलो," बाबा म्हणाले. भर दुकानात, मोठ्यानं. मग भानावर येऊन त्यांनी पटक्याचं टोक डोळ्यांना लावलं. ताई पाणी आणायला म्हणून मागे गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

आता ताई नाहीत. त्या गेल्या तेव्हा हार घालायला फोटो शोधला, तर अख्ख्या स्टुडिओत त्यांचा एकही सापडेना. जन्मभर कॅमेऱ्यामागेच उभ्या! शेवटी आधारकार्डावरचाच मोठा करून घेतला. त्यात त्या कुणा परक्या बाईसारख्या दिसतात. मला त्यांची फार आठवण येते, पण त्या फोटोकडे बघून अजिबात येत नाही.

परवा बाबा बाजाराला खाली उतरले. स्टुडिओचं बंद शटर बघून माझ्याकडे आले. मी सांगितलं तसे ते पायरीवरच बसले. थोड्या वेळानं त्यांनी बंडीतून मोबाईल काढला. लेकीनं लग्न त्यात भरून दिलं होतं.

"हे ऐका. त्या दिशी आपलं ध्यान नव्हतं."

मी मोबाईल कानाला लावला. मांडवातला गलका. आणि बाबांच्या बायकोच्या हाकेच्या अगदी आधी, कॅमेऱ्याच्या मागून, ताईंचा तरुण आवाज: "मावशी, बाबा जेवलं न्हाईत अजून. हाक मारा की त्यास्नी."

मग ती हाक आली. या वेळी बाबा गप्प होते. माझ्याच तोंडून निघून गेलं, "हो ताई."