रूट म्हणजे तळमजला

लिफ्टमध्ये शिरले की बाबा आधी भिंतीला तळहात लावतात. मोटरचा सूर कोणता ते स्वतःशीच पुटपुटतात. मग बटण दाबतात. जेवताना वाटीवर बोटं वाजवतात. आईनं डोळे वटारले की वाटी सुटते आणि गुडघा सापडतो. रस्त्यानं जाताना सोबतच्या माणसाच्या पावलात पाऊल टाकतात, मग तो कितीही रमतगमत चालत असो. फोटोत कायम कडेला. गाणं आवडलं तर मान डोलवत नाहीत, वाहवा करत नाहीत. चपला काढून ठेवतात. आधी तळपायाला कळतं, असं त्यांचं म्हणणं.

लेक हे सगळं लहानपणापासून पाहत आली. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, आणि सुट्टीच्या दिवशी एका बँडमध्ये बेस गिटार वाजवतात. चार जाड तारांचं ते धूड. सगळ्यांच्या खाली घुमतं, म्हणून बँडमधले त्यांना ‘तळमजला’ म्हणतात. “या तळमजला, या वर!” गायक स्टेजवरून ओरडतो. लोक हसतात. बाबाही हसतात. लेकीला मात्र ते लागायचं.

गेल्या वर्षी तिनं विचारलंच, “बाबा, तुमचं वाजवणं कुणाला ऐकू तरी येतं का?”

बाबांनी गिटार तिच्या मांडीवर ठेवली. “शीक. मग तूच सांग.”

शिकवणं असं की आधी शब्द, मग बोटं. शब्द सगळे लिफ्टमधून यायचे.

“गिटारवाला एकदम तीन-चार सूर वाजवतो, ती कॉर्ड. त्या कॉर्डला ज्या सुराचं नाव मिळतं, तो रूट. रूट म्हणजे तळमजला. वर त्यांना काय बांधायचं ते बांधू देत. पत्ता आपण द्यायचा.”

“आणि ऑक्टेव्ह?”

“वरच्या सप्तकातला रूटच. तोच माणूस, गच्चीवरून हाक मारतोय.”

“फिफ्थ?”

“रूटचा शेजारी. त्याच फ्रेटवर, बाजूच्या जाड तारेला. कधीही जा, दार उघडं.” फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्या. त्या पट्ट्यांनी तिच्या बोटांची पार सालं काढली होती. मोकळी तार वाजवायची बाबांची सक्त मनाई. प्रत्येक सूर दाबूनच काढायचा.

“पण मोकळी तार फुकट वाजते ना बाबा!”

“फुकटचं नको. दाब.”

रेस्ट, म्हणजे गाण्यातली रिकामी जागा, तिला जमेना. कुठे गप्प बसायचं आलं की बोट शिवशिवायचं. बाबांनी गिटार काढून घेतली. “लिफ्टचं दार उघडं असतं ना, तो रेस्ट. लोक आत-बाहेर करतात. तेव्हा लिफ्ट हलली तर माणूस मरतो. कळलं?”

कळलं. ग्रूव्ह म्हणजे काय, हे तिनं खूपदा विचारलं. बाबा वाटीवर ठेका धरायचे. शेवटी एकदा म्हणाले, “लिफ्ट कधी सुटली ते कळलंच नाही, आणि तू पोचलीस.”

मग कामावर पाना निसटला आणि बाबांच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाची शीर तुटली. जखम भरेल, बोट वाकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच हातानं तारा दाबायच्या असतात.

गायक भेटायला आला. तो गाड्यांच्या शोरूममध्ये गाड्या विकतो. वाईट बातमीही हसतमुखानं देतो. एका शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातला बँडचा कार्यक्रम तोंडावर आला होता. “तुम्ही आराम करा, तळमजला. आपला कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस सांभाळतो म्हणतोय. मग वेगळ्या माणसाची गरजच काय?”

“हिला एकदा उभी कर,” बाबा म्हणाले. “नाही जमलं, तर बँडमधून बेस गिटार गेली. मी शब्द काढणार नाही.”

“अहो, पण ती तर...”

“माझी लेक आहे, हे मला माहितीये. तू फक्त ऐक.”

आई म्हणाली, “वडिलांनी घोड्यावर बसवलंय, आता उतरायची सोय नाही.”

मेळाव्याच्या संध्याकाळी सभागृह भरलं. बाबा आईशेजारी मागच्या भिंतीला टेकून उभे. पडद्यामागे गायक घसा धरून आला. “आवाज बसलाय. सगळी गाणी दोन फ्रेट खाली घ्या.”

लेकीच्या डोक्यात लगेच उजेड पडला. मोकळ्या तारा जागच्या हलत नाहीत. दाबलेले सूर मात्र हाताबरोबर सरकतात. तिनं अख्खा हात दोन फ्रेट सरकवला. बोटांची ठेवण तीच राहिली. सालं निघालेली बोटं तिला पहिल्यांदा आवडली.

गाणी एकामागून एक पार पडली. तिनं दार उघडं ठेवायचं तिथे ठेवलं, मिटायचं तिथे मिटलं. समोर पाय हलू लागले. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं, आणि सगळे तिच्या ठोक्यावर होते.

शेवटच्या गाण्यात शेवटची ओळ आली. इथे गाणं घरी येतं. रूटवर टेकायचं, नाहीतर शेजारच्या फिफ्थवर. तिनं फिफ्थ धरला. तार बरोबर होती. फ्रेट जुना होता, रोजच्या सरावातला, दोन घरं वरचा.

गिटारवाल्यानं ठरलेलीच कॉर्ड वाजवली, पण त्या कॉर्डचाच चेहरा पडला. आनंदाचं गाणं अचानक निरोपाचं झालं. पत्ता बदलला होता. गायकानं झटकन वळून पाहिलं. कीबोर्डवाल्याचा डावा हात उचलला गेला.

चुकलीस तर तिथून पळायचं नाही, असं बाबा सांगत. ठोका सोडायचा नाही. एका रूटपासून दुसऱ्यापर्यंत एकेक सूर टाकत जायचं, त्याला वॉकिंग म्हणतात. चालत घरी ये.

ती त्या चुकलेल्या सुरावर पूर्ण ठोकाभर उभी राहिली. मग एक सूर पुढे. मग रूट. गायकानं कीबोर्डवाल्याला हातानं थांबवलं आणि ती पोचेपर्यंत शेवटचा शब्द ताणून धरला. दोघं एकदमच टेकले.

मग टाळ्या. मागच्या भिंतीपाशी तर कुणीतरी शिट्टीच मारली. ती आई होती.

गायक सामान तसंच टाकून बाबांकडे आला. “तळमजला, शेवटी ते काय दिलं हिनं? अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत तुम्ही कधी दिलं नाहीत!”

“चूक होती ती,” बाबा म्हणाले. छाती अशी फुगली होती की शर्टाचं बटण तुटावं. “फ्रेट चुकला तिचा. पण परत कशी आली, बघितलंस? मला नसतं जमलं. मी चुकतच नाही ना.”

“हो तर,” आई म्हणाली. “घरात तर मुळीच नाही.”

गायक लेकीकडे वळला. “पुढच्या वेळी हीच चूक करायची. नेमकी तिथेच.”

“आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात?” तिनं विचारलं.

“त्याचा डावा हात त्याच्या खिशात.”

बाबांनी गिटार तिच्या हातातून घेतली नाही. पेटी तेवढी उघडून धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गिटारचा पट्टा घेऊन बसले. तो त्यांनी स्वतःच्या उंचीला बेतून दोन्ही टोकांना टाके घालून पक्का केला होता. लेकीला लांब पडत होता. पट्टा गुडघ्यांत धरून, चांगल्या हातात ब्लेड घेऊन ते एकेक टाका कापू लागले.

“द्या इकडे, दोन मिनिटांत उसवते,” आई म्हणाली.

“राहू दे. मीच घातलेत, मीच काढतो.”

एक टोक सुटलं. दुसऱ्या टोकाचा पहिला टाका त्यांनी ब्लेडनं उचलला, आणि तसाच सोडला. ऑफिसमधून फोन आला होता, कुठलीशी लिफ्ट मधेच अडकली होती. हातानं नाही तर तोंडानं तरी दुरुस्त करतो म्हणून ते निघाले.

लेक कामाला निघाली तेव्हा पट्टा खुर्चीवर होता. एक टोक मोकळं. दुसऱ्याला बाबांचे टाके अजून घट्ट.