ढोरांच्या डॉक्टरला डिंकाचे लाडू

“तुमच्याकडे लिक्विड नायट्रोजन आहे का?” फोनवर बाई जवळजवळ ओरडत होत्या.

“आहे,” मी म्हणालो. “गाय कोणाची?”

“गाय नाही हो! मी स्त्रीरोगतज्ज्ञ बोलतेय.”

नव्वदच्या दशकाची अखेर. मे महिना. जळगावात दुपारी बारानंतर कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नव्हतं. मी पशुसंवर्धन खात्यात होतो, म्हणजे लोकांच्या भाषेत ढोरांचा डॉक्टर. आधी सहा वर्षं सावद्याला गोठे हिंडलो, मग बदलीने जळगावच्या स्टोअरला आलो. गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी वळूचं वीर्य बारीक नळ्यांत गोठवून ठेवतात. त्या नळीला स्ट्रॉ म्हणतात. स्ट्रॉ बुडवून ठेवायच्या लिक्विड नायट्रोजनमध्ये, म्हणजे शून्याखाली एकशे शहाण्णव अंशांवर. जळगावच्या मे महिन्यात ही थंडी टिकवायची, हेच आमचं काम. नायट्रोजन संपला की आतलं सगळं मेलं.

मॅडमनी फोनवर भराभर सांगितलं. त्यांच्या क्लिनिकमधल्या भांड्यात तीन गर्भ होते. वळूचे नाहीत, माणसाचे. मुंबईच्या एका जोडप्याला उपचारांनी दोन मुलं झाली होती. त्यांचे हे उरलेले गर्भ. टाकून देण्यापेक्षा कुणाच्या तरी घरी वाढू देत, म्हणून त्यांनी नाव न सांगता दिले होते. इकडे सावद्याकडचं एक जोडपं अकरा वर्षं मुलासाठी तळमळत होतं. दोन दिवसांनी गर्भ त्या बाईच्या पोटात ठेवायचे होते. आणि नायट्रोजन आणणारी गाडी घाटात बिघडून पडली होती.

“भांडं बाहेरून कसं आहे?” मी विचारलं.

“बाहेरून? ओलं आहे. थोडा बर्फ जमलाय.”

मी खुर्चीतून उठलोच. चांगलं भांडं बाहेरून कोरडं ठाक असतं, हात लावला तरी आत काय आहे ते कळत नाही. त्याच्या दोन भिंतींमधली पोकळी गेली, की बाहेर घाम फुटतो. घाम फुटला की भांडं गेलं. मग त्यात ओतलेला नायट्रोजन मडक्यात ओतल्यासारखाच, बघता बघता उडून जातो.

सरकारी नायट्रोजन द्यायचा तर साहेबांना विचारायला हवं. साहेब धुळ्याला मीटिंगला गेलेले. तिथे फोन लावला.

“नायट्रोजन कशासाठी हवाय?”

“गर्भ वाचवायला, साहेब.”

“गायीचे की म्हशीचे?”

“माणसाचे.”

बराच वेळ नुसती खरखर.

“डॉक्टर, माणूस आपल्या योजनेत बसत नाही.”

“माहीत आहे साहेब. पण संध्याकाळपर्यंत मरतील.”

पुन्हा खरखर. मग साहेब म्हणाले, “लाइन फार खराब आहे. मला काहीच ऐकू आलं नाही. तुम्ही निघा.”

देव त्यांचं भलं करो. तीन लिटरचं भांडं काठोकाठ भरलं, स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवलं आणि डोक्याला उपरणं गुंडाळून निघालो.

क्लिनिकमध्ये पोचलो तर बाकावर प्रकाश आणि ज्योती बसलेले. मी जागेवर थबकलो. सावद्याला असताना ह्यांच्या चार म्हशी माझ्याच हातच्या. प्रकाशचं केळीचं वावर रस्त्यालगत, गोठा त्याच्या मागे. मी गेलो की ज्योती चहा आणायची. अकरा वर्षं तळमळणारं जोडपं ते हेच. तपासणीला आलेले ते दोघं मला बघून पांढरेफटक पडले.

“डॉक्टरभाऊ,” ज्योती पदर तोंडाशी धरून म्हणाली, “गावात बोलू नका. अक्काले तर काहीच माहीत नाही.”

अक्का म्हणजे तिची सासू. बाईचा आवाज असा, की चार शेतांपलीकडची म्हैस घरी यायची.

“माझे पेशंट कोणाला काही सांगत नाहीत,” मी म्हणालो, “मीही सांगत नाही.”

आत गेलो. पट्टी आत बुडवून बाहेर हलवली की जिथपर्यंत नायट्रोजन असतो तिथपर्यंत पांढरं दव धरतं. दव जेमतेम तीन बोटं होतं. गर्भांच्या नळ्या अजून बुडालेल्या होत्या, पण काठावरच.

आता त्या एका भांड्यातून दुसऱ्यात हलवायच्या. हवेत काही सेकंदांच्या वर राहिल्या तर गेल्या. मॅडमनी चिमटा हातात घेतला. भांड्यापर्यंत नेला आणि मागे घेतला. दुसऱ्याची एवढी मोठी ठेव कधी हातात धरली नव्हती, असं त्या नंतर म्हणाल्या.

“तुम्ही दिवसाला किती हलवता?” त्यांनी विचारलं.

“मोजत नाही.”

त्यांनी चिमटा माझ्या हातात दिला. खोटं कशाला बोलू, हजारो स्ट्रॉ हलवल्या, पण त्या दिवशी मी चिमटा दोनदा पुसला. दोन्ही भांडी तोंडाला तोंड लावून ठेवली. श्वास धरला. एक, दोन, तीन. नळ्या नव्या भांड्यात गेल्या. पांढरी वाफ वर आली आणि मॅडम मटकन स्टुलावर बसल्या.

बाहेर आलो. प्रकाशने माझे दोन्ही हात धरले. मी इतका हलका झालो होतो, की सवयीने तोंडातून निघून गेलं, “आता काळजी करू नका. पळवू नका, उन्हात बांधू नका, आणि तीन महिन्यांनी तपासून घ्या.”

बोललो आणि जीभ चावली. प्रकाश खाली बघायला लागला. आधी हसली ती ज्योती. इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. मग मॅडम, मग आम्ही सगळेच.

गर्भ ठेवले. त्यातला एक राहिला. पुढच्या वर्षी मुलगी झाली. बारशाचं बोलावणं आलं, पण मी मुद्दामच गेलो नाही. ढोरांचा डॉक्टर बारशाला कशाला, असं कोणीतरी विचारलंच असतं.

महिन्याभराने स्टोअरच्या दारात एक म्हातारी उभी. सावद्याहून एसटीने आलेली, काखेत स्टीलचा डबा. अक्का! आमच्याकडे रेतन लागू पडून म्हैस व्याली, की पहिल्या चिकाचा खरवस डॉक्टरला आणून देतात. मी नेहमीप्रमाणे विचारलं, “कोणती व्याली, अक्का?”

“सून,” अक्का म्हणाल्या.

डबा उघडला. आत बाळंतिणीला देतात ते डिंकाचे लाडू.

अक्का बाकावर ऐसपैस बसल्या. “मले सगळं माहीत हाये. पोरगा माहा हाये. खोटं बोलला की कान खाजवतो. वावरात नेऊन विचारलं, तर रडून मोकळा झाला.”

“मग ज्योतीला...”

“तिले सांगू नका.” आयुष्यात पहिल्यांदाच अक्कांचा आवाज खाली आला. “मले माहीत हाये हे तिले कळलं, तर पोरीले मी उचललं की ती माह्या तोंडाकडे पाहत राहील. आता पाहत नाही. अकरा वर्षांनी निवांत झोपते बिचारी. मी रोज सांगते, पोर थेट माह्यावर गेली. खुश होते ती.”

असं म्हणून त्या उठल्या. “आणि लाडू तुम्हीच खा. सायबाले देऊ नका.”

अर्धे लाडू साहेबांना दिलेच. त्यांचा हक्क होता.

राहता राहिला डबा. त्याच्या बुडावर अक्कांचं नाव ठसठशीत कोरलेलं. परत करायला नेला असता, तर ज्योतीने पहिल्या नजरेत ओळखला असता आणि विचारलं असतं, आमचा डबा तुमच्याकडे कसा? म्हणून तो अजून आमच्या फडताळात आहे. बायको दर दिवाळीला विचारते, हा कोणाचा, देऊन का टाकत नाही? मी कान खाजवत नाही. एका पेशंटने बोलू नका सांगितलं आणि दुसऱ्याही पेशंटने तेच सांगितलं, तर शहाण्या डॉक्टरने डबा ठेवून घ्यावा.