सहा लाजाळू मेंढ्या आणि माझा श

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो न्हाई. मंगल, म्हणजे माझी बायको, माझ्या निम्म्या गोष्टी मी सांगायच्या आधीच ओळखते — पण ही तिलाही माहीत न्हाई. तुम्ही बसा जरा. हसू आलं तर खुशाल हसा, हसण्यासारखं पुष्कळ आहे ह्यात. फक्त शेवटी शेवटी मला हसता येत न्हाई, ते आधीच सांगून ठेवतो.

मी इंग्रजीचा मास्तर. म्हणजे होतो, आता रिटायर झालो. राजूर अन् भोकरदनच्या मधल्या एका गावात सातवीपर्यंतची शाळा, तिथं माझी बरीच वर्षं गेली. इंग्रजीच्या उच्चारांसाठी माझं नाव होतं बरं का! आजूबाजूच्या शाळांतले मास्तर माझा तास बघायला यायचे. अन् मला — हसू नका — मला श म्हणता येत न्हाई.

लिहिता येतो, हा बघा किती बराबर आला. तोंडातून निघताना मात्र त्याचा स होतो. आमच्या घरात सगळे साळाच म्हणायचे, कुणाचं काही अडलं न्हाई. पण मी निघालो इंग्रजीचा मास्तर व्हायला! डी.एड.ला पहिल्याच सराव पाठात एक शब्द म्हणायला गेलो अन् मागच्या बाकांवरून जे हसू फुटलं, ते अजून कानात आहे. तेव्हाच ठरवलं, हा श आपल्या तोंडाला लागू द्यायचा न्हाई.

अन् न्हाई लागू दिला. शनिवारला मी अर्धा दिवस म्हणायचो. शेंगांना भुईमूग. शेव घ्यायची असली की दुकानात नुसतं बोट दाखवायचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी वर्ग गप्प करायला ओठावर बोट ठेवून 'शू' म्हणायला गेलो, निघालं 'सू', तर तीन पोरं करंगळी वर करून बाहेर पळाली! तेव्हापासून टेबलावर पट्टी आपटायची सवय लागली. गावात बोभाटा झाला, मास्तर लई कडक आहे.

अन् लग्नात तर काय! मुलीचं नाव शैला. आमच्याकडं लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत आहे, ताटातल्या तांदळात नवऱ्यानं बोटानं नवं नाव लिहायचं. घरचे म्हणाले, नाव चांगलं आहे, राहू दे. मी म्हटलं, बिलकुल न्हाई, रीत म्हणजे रीत. अन् लिहिलं — मंगल. पाहुणे म्हणाले, नवरदेव हौशी दिसतो. हौस कसली डोंबलाची! जन्मभर हाक कशी मारायची, हा सवाल होता. मंगलला ते चौथ्याच दिवशी कळलं. आजही शेपूची भाजी केली की पातेलं हातात धरून उभी राहते — "नाव घ्या, मंग वाढते."

तर असा मी. अन् ह्याच माणसानं गावातल्या पोरांच्या जिभेवर श बसवला. का? कारण माझं जे झालं ते त्यांचं होऊ नये, असं मला मनापासून वाटायचं. एवढं तरी खरं होतं माझं.

कसा बसवला ते सांगतो. आपल्यात 'कच्चा पापड, पक्का पापड' म्हणायला लावतात ना, जीभ वळावी म्हणून? तशी इंग्रजी वाक्यं मी पोरांसाठी बनवायचो. दुपारी शाळेसमोरून धनगराची मेंढरं जायची, त्यावरून सुचलं — 'शीला सीज सिक्स शाय शीप.' म्हणजे, शीला सहा लाजाळू मेंढ्या बघते. श आला, स आला, पुन्हा स, पुन्हा श. म्हणून बघा जल्दी जल्दी तीनदा! एकेक शब्द मोबाइलवरच्या बाईच्या आवाजात ऐकवायचा, पूर्ण वाक्य फळ्यावर लिहायचं, अन् मी पट्टीनं ताल धरायचा. मी स्वतः म्हणायचं न्हाई. "मी ऐकणार, तुम्ही म्हणणार," हा माझा नियम. पोरांना वाटायचं, सर आपला कान तयार करून राह्यले.

अन् दुसरा नियम टाळीचा. ज्याची जीभ घसरली त्याला सगळ्या वर्गानं एक टाळी द्यायची. एकच. चिडवायचं न्हाई, थांबायचं न्हाई, टाळी झाली की पुन्हा पहिल्यापासून. ह्या टाळीनं काय मजा आणली म्हणून सांगू! पोरं चुकायला भ्यायचीच न्हाईत. नळावर, बांधावर, जीपच्या टपावर, जिथं बघावं तिथं सहा मेंढ्या चालू. पारावरचे म्हातारे म्हणायचे अन् एकमेकांना टाळ्या द्यायचे. तो धनगर एकदा दारात येऊन म्हणाला, "मास्तर, माझ्या मेंढ्या लाजाळू कशाच्या? काल पाटलाचा अर्धा कापूस खाऊन आल्या." माझ्या जन्मातले सगळ्यात आनंदाचे दिवस होते ते. आज आठवले तरी बरं वाटतं.

त्या वर्गात सारिका होती. सातवीत. दोन वेण्या, हातावर कायम शाईचे डाग. पूर्ण वाक्य पहिल्यांदा न घसरता म्हटलं ते तिनं. नुसतं म्हटलं न्हाई, बाकीच्यांना शिकवलं — ओठ असे गोल कर, जीभ थोडी मागं घे. मी पट्टी वाजवायचो, वर्ग खरा तीच चालवायची. भोकरदनला तालुक्याची इंग्रजी बोलण्याची स्पर्धा होती, शाळेतून एकच नाव जायचं होतं. ते सारिकाचं, ह्यात कुणाला शंका न्हाई. तिच्या आईनं राजूरच्या बाजारातून पांढरे बूट आणले होते.

आता... आता सांगायलाच पाहिजे.

स्पर्धेच्या आधी चार दिवस, भर वर्गात, सारिका उभी राहिली. "सर, तुम्ही एकदा म्हणून दाखवा ना. माझं बराबर येतंय का ते मला कळंल." तिच्या मनात काही वाकडं होतं का? अजिबात न्हाई. पोरगी शिकू बघत होती. अन् सगळी पोरं एका सुरात — म्हणा ना सर, म्हणा ना! मला काय वाटलं कोण जाणे. वाटलं, इतकी वर्षं ऐकून राह्यलो, आज येईल. अन् मी म्हटलं.

सीला सीज सिक्स साय सीप.

सारिकानं टाळी दिली. एक. नियमाप्रमाणं. तिच्या मागून सगळ्या वर्गानं दिली, अन् काय खुशीत दिली! सरांची पण जीभ घसरते म्हणून पोरांना गंमत वाटली. त्या टाळीत हिणवणं कणभरही नव्हतं. मीच शिकवलेली टाळी ती! पण माझ्या कानाला डी.एड.चे मागचे बाक ऐकू आले. मी म्हटलं, "मुद्दाम चुकलो. तुमचं ध्यान आहे का बघितलं." पोरांनी मान डोलावली. सारिका म्हणाली, "मंग आता बराबर म्हणा ना, सर."

मी पट्टी आपटली अन् गणिताची वही काढायला लावली.

दुसऱ्या दिवशी तिला ऑफिसच्या दारात बोलावलं. यादीतलं नाव मी आधीच खोडलं होतं. तिला काय सांगितलं माहीत आहे? तिची वही घेतली, कोऱ्या पानावर श लिहिला, कारण म्हणता तर येत न्हाई. त्यावर बोट ठेवलं अन् म्हटलं, "हा कच्चा आहे तुझा. अजून लई मेहनत पाहिजे." अख्ख्या वर्गात एकटीचा पक्का होता तो. मला माहीत होतं. तोंड वर करून, डोळ्याला डोळा देऊन मी ते सांगितलं. अन् ती पोर "हो सर" म्हणाली. रडलीसुद्धा न्हाई.

स्पर्धेला गजानन गेला. तिसऱ्या शब्दाला त्याच्या मेंढ्या अडल्या त्या अडल्याच. परीक्षकांना नमस्कार केला, खाली उतरला अन् भेळ खाऊन मजेत परत आला. त्याला निरोप द्यायला सकाळी सारिका स्टँडवर आल्ती. पांढरे बूट घालून. जीप निघाली तेव्हा सगळ्यात मोठ्यानं ओरडून राह्यली होती — "गज्या, ओठ गोल कर!"

त्या बुटांकडं मी बघितलं न्हाई. मोबाइलमध्ये डोकं घातलं.

पुढं ती गेली, शिकली, मोठी झाली. मी पट्टी आपटत राहिलो. टाळीचा नियम मात्र चालू ठेवला, एवढी एक गोष्ट मी बिघडवली न्हाई. अन् ह्या वर्षी तिचा फोन आला. वडीगोद्रीला हायवेच्या कडेला, खताच्या दुकानाच्या वर, तिनं इंग्रजी बोलण्याचा क्लास काढलाय. दोन वर्षं झाली. वार्षिक कार्यक्रम आहे, सर, तुम्हीच पाहुणे. मंगल म्हणाली, चला, मला पण बघायचंय. गेलो.

काय वर्ग होता हो! शाळेतली पोरं होती, दोन दुकानदार होते, नर्सबाई होत्या, एक आजी अमेरिकेतल्या नातवाशी बोलायचं म्हणून येत होत्या. अन् भिंतीवर मोठ्या अक्षरांत — माझ्या सहा मेंढ्या! त्या आजी म्हणायला उठल्या, दुसऱ्याच शब्दाला घसरल्या, अन् सगळ्या हॉलनं दिली की एक टाळी. आजींनी पदर खोचला, पुन्हा पहिल्यापासून. माझ्या डोळ्यात पाणी आलं. वाटलं, आपण काहीतरी चांगलं पेरलं होतं.

मंग सारिका बोलायला उभी राहिली. म्हणाली, "सातवीत सरांनी मला स्पर्धेतून काढलं. स्पष्ट सांगितलं, तुझा श कच्चा आहे. गोड बोलणारे पुष्कळ भेटतात, खरं बोलणारा एकच भेटला. त्या दिवसापासून रोज सकाळी शंभर वेळा श म्हणते मी. आजही म्हणून आले." लोकांनी टाळ्या वाजवल्या. खूप टाळ्या. अन् मी — मी पण वाजवल्या.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक चिमुरडी ओरडली, "आजोबा, तुम्ही पण म्हणा ना!" मंगल माझ्याकडं बघून पदरात हसली. मला काय झालं सांगू? भीतीच वाटली न्हाई. उठलो, माइक घेतला अन् म्हणून टाकलं. सीला सीज सिक्स साय सीप. टाळी पडली, हॉल खदखदून हसला, मी पण हसलो, पोट धरून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या जिभेवर मी हसलो. काय हलकं वाटतं हो माणसाला!

अन् सारिकानं माझ्या हातातला माइक घेतला. हसत हसत म्हणाली, "सर मुद्दाम चुकले! तुमचं ध्यान आहे का बघून राह्यले."

माझंच वाक्य. जसंच्या तसं. पोरीनं ते इतकी वर्षं खरं मानून जपलं होतं. तिथं एका दमात सांगता आलं असतं, न्हाई का? मी मान डोलावली अन् खुर्चीत जाऊन बसलो.

नंतर जिलेबी खाताना मी सहज विचारलं, पोरांना मोबाइलवर ऐकवतेस तो आवाज तुझाच ना? म्हणाली, "न्हाई सर, विकत घेतलेला आहे. संभाजीनगरच्या एका क्लासवाल्यांनी माझा आवाज मागितला होता, पुस्तकासोबत द्यायला. मीच न्हाई म्हटलं. कच्चा श पोरांच्या कानावर कशाला घालायचा?" हे ती हसून बोलली, सहज, अन् माझ्या ताटात अजून एक जिलेबी ठेवली.

ती जिलेबी मी खाल्ली. तेही सांगतो, म्हणजे काही राहायला नको.

घरी आल्यावर तिला चिठ्ठी लिहायला बसलो. लिहिताना मला सगळं येतं, श सुद्धा सुरेख येतो. चार ओळी झाल्या अन् कागद फाडला. तिची वही घेऊन मी असाच श लिहिला होता, तोंड लपवायला. आता पुन्हा कागदामागं लपायचं?

सकाळी एसटीनं वडीगोद्रीला चाललोय. तिच्या भरलेल्या वर्गात उभा राहून सांगणार आहे, तोंडानं. श चा स झाला तर होऊ दे, टाळी पडली तर पडू दे. ती काय म्हणंल, तिचं ती ठरवंल.

सारिका, त्या दिवशी तुझा श पक्का होता. मला ते माहीत होतं. मी खोटं बोललो.