बूथच्या बाहेर

आजोबा पुन्हा बूथमधून बाहेर आले. हेडफोन माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, “मी चाललो घरी.”

मी गोंदियात ऑडिओलॉजिस्ट आहे. कानाला किती ऐकू येतं ते मोजते आणि त्याप्रमाणे ऐकण्याचं मशीन बसवते. मोजणी साऊंडप्रूफ बूथमध्ये होते. कपाटाएवढी खोली, जाड दार. पेशंट आत हेडफोन लावून बसतो, आवाज ऐकू आला की बटण दाबतो. सोमाजी आजोबा मात्र दार लागलं की उठत.

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. ते बिरसीकडच्या एका गावचे, वय तेव्हाच ऐंशीच्या पुढे. मुलगी कुंदाताई त्यांना घेऊन आली होती. ट्रकचा हॉर्न ऐकू आला नाही, म्हणून ते नुकतेच ट्रकखाली जाता जाता वाचले होते. तेव्हापासून तिनं त्यांना एकट्यानं शेतावर जाऊ दिलं नव्हतं.

“मशीन लागल तवाच सोडीन,” ती म्हणाली.

त्यांचा उजवा कान पूर्ण गेलेला. मी डाव्या बाजूला बसून मोठ्यानं विचारलं, “आजोबा, काऊन उठता?”

“दरवाजा बंद करू नोको. जहाजावर असाच बंद झाला होता.”

कुंदाताई म्हणाली, “इंग्रज-जपानच्या लढाईत जहाजावर होते, येवढंच मालूम आहे मॅडम. पुढचं कधी सांगतलं नाही.”

त्या दिवशी त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते कामासाठी कलकत्त्याला गेले आणि तिथून एका लहान मालवाहू जहाजावर नोकरीला लागले. काम तळाशी, भट्टीत कोळसा टाकायचं.

“पानबुडीनं पान्याखालून बॉम्ब मारला. ह्या कानात धडाका बसला. दिवे गेले. लोखंडी दरवाजा जाम. पानी गुडघ्यावर आलं.”

“मग?”

“याकूब होता माझ्यासंगं कामाले. तो वर पोचला होता. लोखंडाची सब्बल घेऊन परत आला, दरवाजा उचकटला. आम्ही होडीत बसलो अन् जहाज बुडालं. दुसऱ्या जहाजानं आम्हाले उचललं.”

“याकूब वाचला?”

“वाचला ना. लई दिवस चिठ्ठ्या येत होत्या त्याच्या.” हे सांगताना ते हसले.

मग मी बूथचा नाद सोडला. पंखा बंद केला, क्लिनिकचं शटर अर्धं ओढलं, फोनचा रिसीव्हर काढून ठेवला. हेडफोन लावून त्यांना बूथबाहेर माझ्यासमोर, अर्ध्या उघड्या शटरकडे तोंड करून बसवलं. मोजणी थोडी ढोबळ झाली. रिपोर्टवर तसं लिहिलं. डाव्या कानात कामापुरतं ऐकणं शिल्लक होतं.

मशीन बसवून आवाज जुळवला. कुंदाताई सवयीनं ओरडली, “बाबा, आयकू येऊन राहिलं का?”

“येऊन राहिलं. चिल्लावू नोको.”

पुढच्या खेपेला आजोबा मशीनचे सेल घ्यायला आले. शेतावर एकटे जाऊ लागले होते. कुंदाताईची तक्रार एवढीच होती, की ती बोलायला लागली की ते मशीन काढून ठेवतात.

बूथ चांगला आहे, अजून रोज वापरते. पण पेशंट आत बसणारच नसेल, तर बाहेर घेतलेला अंदाज बरा.