साडेतीनचा आवाज

डेल्बर्ट ऊर्फ डेल ह्रुस्का अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात इंजिनांच्या कारखान्यात एकतीस वर्षं राबला. बोलणं बेताचंच. त्याच्या वाटचं त्याची सत्तर सालची, दांडग्या इंजिनाची मसल कार बोलून घ्यायची. साडेतीनला पाळी सुटली की पार रेल्वेफाटकापासून तिची ढबढब ऐकू यायची, आणि इकडे त्याची बायको आर्डिथ स्टोव्हवर कॉफी चढवायची. शेजारी आठ्या घालत. तिला मात्र हसू फुटे.

पुढे आर्डिथला विसर पडू लागला. आधी किल्ल्या, मग नावं, मग खुद्द डेलचा चेहरा. तो आवाज तेवढा टिकला. निवृत्त झालेला डेल रोज तीनला उगाच गाडी बाहेर काढायचा आणि साडेतीनला परत यायचा. ती दारात येऊन म्हणायची, "आलास? हात धू आधी." मग झोपेपर्यंत तो तिचा नवरा असायचा.

मार्चमध्ये डॉक्टरकडे जाताना गाडी हमरस्त्यावर बंद पडली. आर्डिथ तासभर बर्फात कुडकुडली, परक्या माणसानं पळवून आणलं म्हणून रडली. डेल हबकलाच.

"काढून टाक ते जुनं धूड," कारखान्यातला त्याचा सोबती व्हर्जिल म्हणाला. "आपटलेल्या ट्रकचं इंजिन आहे माझ्याकडे. कॉम्प्युटरवालं. कितीही थंडी असो, एका झटक्यात सुरू."

"बसेल त्यात?"

"न बसायला काय झालं? लोखंडच आहे, तुझ्याइतकं आडमुठं नाही."

सहा आठवडे दोघं खपले. जुन्या इंजिनाचे आधार कापले, नवे जोडले, टाकीत पंप घातला, वायरींचं जंजाळ ओढलं. गाडी सुरू झाली तेव्हा व्हर्जिलनं टोपी उडवली. "चालू आहे की बंद, कान लावून बघावं लागतंय रे!" डेलही हसला. दोघांनी मिळून साठ वर्षं इंजिनं जुळवलेली, आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडू नये? गाढवपणा म्हणतात तो हाच.

त्या दिवशी साडेतीनला दार उघडलं नाही. डेल आत गेला तर आर्डिथ भिंतीला टेकून उभी राहिली. "कोण हवंय आपल्याला? माझा नवरा घरी नाही."

आठ दिवस हेच. कॉफी नाही, हसू नाही. जुनं इंजिन परत बसवावं तर त्याचे आधारच कापून टाकलेले. शेवटी डेलनं ते इंजिन लोखंडी घोडीवर चढवलं, अंगणात गाडी लावायच्या जागी आणलं, पेट्रोलचा डबा जोडला आणि बरोबर साडेतीनला सुरू केलं.

ढबढब घुमली. आर्डिथ केस सारखे करत धावत बाहेर आली. डेलचा जीव भांड्यात पडला.

"आर्डी," तो म्हणाला.

ती त्याच्यापलीकडे, रस्त्याकडे बघत होती. "मिस्त्री, हे जरा बाजूला घ्या ना. माझा डेल येतोय. त्याला गाडी लावायला जागा नको?"

"घेतो हं, बाई," डेल म्हणाला. घोडी ढकलत तो कुंपणापाशी गेला आणि तिथंच उभा राहिला. डब्यातलं पेट्रोल संपेपर्यंत त्यानं इंजिन बंद केलं नाही. तोवर ती हसत होती.